ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो: वाहनमुक्त मार्गावरील सायकल सफरीची तयारी आणि क्रम

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशात, कादिस आणि सेव्हिल या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ भागातून ‘व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा’ हा ३६ किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हरितमार्ग जातो. रेल्वेसाठी बांधलेल्या पण गाडी कधीच न धावलेल्या मार्गावर तो केलेला असल्याने चढउतार सौम्य आहेत, मोटारींची वर्दळ नाही आणि वाटेत ३० बोगदे व ४ मोठे पूल लागतात. मार्गाच्या मधल्या भागात साफ्रामागोनचा सुळका आहे. ग्रिफॉन गिधाडांच्या मोठ्या वसाहतीमुळे तो राखीव निसर्गक्षेत्र म्हणून संरक्षित आहे.

रस्ता सोपा आहे हे ऐकून लोक तयारीही सोपी धरतात आणि तिथेच फसतात. दिवसाअखेरीस चुकीच्या टोकाला अडकणे, दिव्याविना बोगद्यात शिरणे, दुपारी दोनला दुकान बंद झाल्यावर पाणी शोधत फिरणे या तिन्ही गोष्टी केवळ क्रम चुकल्याने घडतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत.

१. सर्वांत आधी परतीचा प्रश्न सोडवा

हा मार्ग वर्तुळाकार नाही. एका टोकाला ओल्वेरा आणि दुसऱ्या टोकाला पुएर्तो सेर्रानो आहे आणि या दोन्ही गावांना रेल्वे नाही. जुन्या स्टेशनांच्या इमारती नकाशावर ठळक दिसतात, त्यामुळे ‘शेवटी गाडी पकडून परत येऊ’ असा समज अनेकांचा होतो, पण त्या इमारतींपुढून कोणतीही गाडी सुटत नाही. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच खालीलपैकी एक पर्याय निश्चित करावा.

पहिला पर्याय म्हणजे त्याच मार्गाने सायकलवर परत येणे. एकूण अंतर ७० किलोमीटरांच्या पुढे जाते आणि ओल्वेरा हे टोक उंचावर असल्याने परतीचा प्रवास एकंदरीत चढाचा होतो. चढ तीव्र नसला तरी तो संपत नाही, आणि दिवसभर थकलेल्या पायांना तो चांगलाच जाणवतो. हा पर्याय नियमित सायकल चालवणाऱ्यांसाठीच आहे.

दुसरा पर्याय म्हणजे एका बाजूचा प्रवास सायकलने आणि दुसऱ्या बाजूचा सायकल वाहून नेणाऱ्या टॅक्सीने करणे. बहुतेक जण इथे टॅक्सी संध्याकाळी परतीसाठी ठरवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की ती सकाळीच घ्यावी. मोटार भाड्याने घेतली असल्यास ती पुएर्तो सेर्रानोला उभी करावी, टॅक्सीने ओल्वेरा गाठावे आणि तिथून उताराच्या दिशेने आपल्याच मोटारीकडे सायकल चालवत यावे. असे केल्याने संध्याकाळी कुणाची वाट पाहावी लागत नाही आणि पंक्चरमुळे तासभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे मध्यावरील कोरिपे येथे मुक्काम करून दोन दिवसांत मार्ग करणे. सोबत लहान मुले किंवा ज्येष्ठ व्यक्ती असतील तर मी हाच पर्याय सुचवेन.

*तपासा: टॅक्सीचालकाला सायकलींची संख्या, माणसांची संख्या आणि उचलण्याची नेमकी जागा लेखी कळवली आहे का? ‘स्टेशन’ एवढेच लिहू नये. हरितमार्गावरील जुने स्टेशन असे स्पष्ट लिहावे.*

२. हंगाम आणि घड्याळ

मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे महिने योग्य आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि बोगदे सोडले तर वाटेवर सावली फारच थोडी असते.

भारतातून जाणाऱ्यांची खरी गल्लत होते ती घड्याळात. आपल्याकडे उन्हाच्या आधी निघायचे म्हणून पहाटे सहाचा गजर लावण्याची सवय असते. स्पेन मात्र स्वतःच्या रेखांशाच्या मानाने पुढची वेळ पाळतो, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला या भागात सूर्योदय सकाळी ८ च्या सुमारास होतो आणि मध्यान्ह दुपारी दोननंतर येते. उन्हाळ्यात सर्वांत तापलेला प्रहर बाराचा नसून संध्याकाळी पाचच्या आसपासचा असतो. म्हणजे ‘दुपारी विश्रांती घेऊ आणि चारला पुन्हा निघू’ हे आपल्याकडचे गणित तिथे नेमके उलटे पडते.

शरद ऋतूतील अडचण वेगळी आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि संध्याकाळ एका दिवसात तासभर आधी येते. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. तेव्हा मार्गाचे दुसरे टोक पाच वाजेपर्यंत गाठता येईल अशा बेतानेच निघावे.

*सावध: जोरदार पावसानंतर कड्यांवरून दगड सुटतात आणि मार्गाचा एखादा भाग बंद ठेवला जाऊ शकतो. या मार्गाचे व्यवस्थापन पाहणारी स्वतंत्र संस्था आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्या संकेतस्थळावरील सूचना पाहाव्यात.*

३. कागदपत्रे आणि पोहोचणे

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण वसंत ऋतूसाठी भेटीची वेळ मिळणे कठीण असल्याने शेवटच्या महिन्यावर विसंबू नये. व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. इथे पुष्कळ जण सर्वांत स्वस्त विमा काढून मोकळे होतात. त्या विम्याच्या अटींमध्ये सायकलिंग ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेले आहे का, हे शब्दशः वाचून पाहावे आणि शंका असल्यास कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्यावे.

विमानाने सेव्हिल, मालागा किंवा हेरेस येथे उतरणे सोयीचे आहे. ओल्वेराकडे जाणाऱ्या बसगाड्या दिवसात मोजक्याच असतात आणि शनिवार-रविवारी त्या आणखी कमी होतात. मोटार घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून आधीच काढून न्यावा. तिथे पोहोचल्यावर तो मिळत नाही.

४. सायकल निवडणे आणि ताब्यात घेणे

एवढ्या अंतरासाठी स्वतःची सायकल खोक्यात घालून विमानाने नेणे मला अनाठायी वाटते. या मार्गालगत भाड्याने सायकली मिळतात. मात्र स्थानिक सुट्ट्यांच्या दिवशी आणि वसंतातील शनिवार-रविवारी त्या संपतात, म्हणून आगाऊ नोंदणी करावी. नोंदणी करताना प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये कळवावी. ‘मध्यम आकार’ असे लिहिल्यास युरोपीय मापाची मोठी फ्रेम वाट्याला येते आणि थांबताना पाय जमिनीला पुरत नाहीत.

रस्त्यावरच्या बारीक टायरांची सायकल इथे घेऊ नये. पृष्ठभाग बहुतांशी घट्ट दाबलेला असला तरी ठिकठिकाणी सुटी खडी आणि पावसाने पडलेले चर आढळतात. हायब्रिड किंवा साधी माउंटन बाइक पुरेशी आहे.

सायकल हातात आल्यावर पुढील गोष्टी दुकानाच्या दारातच तपासाव्यात, कारण पाच किलोमीटर पुढे गेल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही.

ब्रेकपासून सुरुवात करावी. आपल्याकडे सहसा उजव्या हाताच्या दांडीने पुढचा ब्रेक लागतो. स्पेनमध्ये उजवी दांडी मागच्या चाकाची आणि डावी पुढच्या चाकाची असते. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण ओल्या बोगद्यात समोर अचानक माणूस दिसल्यावर हात सवयीने वागतो. डावा हात जोरात आवळला की पुढचे चाक जागीच अडते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून निघण्यापूर्वी स्टेशनच्या मोकळ्या आवारात सावकाश फेऱ्या मारून दोन्ही हात हलकेच आवळून थांबण्याचा सराव करावा, आणि तो हात आपोआप तसा वागू लागेपर्यंत करावा.

त्यानंतर चाकांतील हवा, गिअरची दोन्ही टोके, घंटी आणि सीटची उंची पाहावी. पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा जाड आहे की बारीक आहे ते पाहून त्याला बसणारी जादा ट्यूब आणि पंप मागून घ्यावा. न जुळणारा पंप जवळ असणे आणि पंपच नसणे यांत काहीच फरक नाही.

*तपासा: सायकल परत करण्याची वेळ आणि जागा पावतीवर लिहून घेतली का? दुसऱ्या टोकाला सायकल परत घेतली जाईलच असे गृहीत धरू नये.*

५. सामान

दिवा हा या सफरीतील सर्वांत महत्त्वाचा जिन्नस आहे. लांब बोगद्यांत विजेचे दिवे आहेत, पण वीज गेली किंवा दिव्याची मुदत आपण मध्यावर असताना संपली की समोर पूर्ण काळोख होतो. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे आणि त्यात मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून सायकल चालवणे धोक्याचे आहे. हँडलवर घट्ट बसणारा, निदान ३०० ल्युमेनचा पांढरा दिवा पुढे आणि लाल दिवा मागे हवाच. दोन्ही आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावेत. पाठीवर परावर्तक जाकीट घालावे. गावाबाहेरील रस्त्यांवर स्पेनमध्ये हेल्मेट सक्तीचे आहे आणि १६ वर्षांखालील मुलांना ते सर्वत्र घालावे लागते. या मार्गावर तर बोगद्यांमुळे ते घालणे शहाणपणाचेच आहे.

दरडोई निदान दोन लिटर पाणी, पातळ विंडचीटर, सुकामेवा, पट्टी आणि मलम, आणि ऑफलाइन उतरवलेला नकाशा एवढे पुरते. दऱ्यांत आणि बोगद्यांत मोबाइलची रेंज जाते. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा. मुक्कामाचे सामान असेल तर ते पाठीवर न घेता मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पॅनिअरमध्ये (सायकलला अडकवायच्या पिशव्यांमध्ये) समान वजनाने वाटावे आणि जड वस्तू तळाशी ठेवाव्यात.

६. ओल्वेरा ते साफ्रामागोन: बोगद्यांची शिस्त

ओल्वेरा गाव टेकडीवर आहे आणि हरितमार्गाचे स्टेशन त्याच्या पायथ्याकडे आहे. गावात मुक्काम असल्यास सकाळी खाली उतरण्याचा रस्ता तीव्र उताराचा आणि वाहनांचा आहे, तेव्हा सराव नसलेल्यांनी तेवढा भाग सायकल हातात धरून चालत उतरावा. सकाळी ९ च्या सुमारास स्टेशनवरून निघावे. इथून साफ्रामागोन सुमारे १६ किलोमीटरांवर आहे.

या टप्प्यात बोगद्यांची सवय करून घ्यायची असते. प्रत्येक बोगद्याआधी तोच क्रम पाळावा: तोंडाच्या अलीकडे वेग कमी करणे, गडद चष्मा काढणे, दोन्ही दिवे लावणे, एकदा घंटी वाजवणे आणि मग आत शिरणे. गडद चष्मा काढायला विसरल्यास धडक होऊ शकते. प्रकाशानुसार रंग बदलणारी भिंगेही इथे उपयोगी पडत नाहीत, कारण ती निवळायला काही मिनिटे घेतात आणि तेवढ्यात बोगदा संपतो. तोंडातून आत जाताच काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्या क्षणी वेग चालण्याइतकाच असावा. नजर चाकाच्या पुढे न खिळवता दूरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे ठेवली की सायकल सरळ चालते.

आत छतातून पाणी ठिबकते, जमीन काही ठिकाणी ओली आणि निसरडी असते, आणि गारवा चटकन जाणवतो. पायी फिरणारी माणसे बहुधा दिव्याविना असतात. उजवी बाजू धरावी. स्पेनमध्ये रहदारी उजवीकडून चालते आणि समोरून येणारा सायकलस्वार तीच अपेक्षा ठेवून येतो. आपण सवयीने डावीकडे सरकलो तर दोघे समोरासमोर येतात. गटाने जात असल्यास एकामागोमाग एक, मध्ये चार-पाच सायकलींचे अंतर ठेवून जावे. मुलांना रांगेच्या मध्ये ठेवावे आणि शेवटच्या प्रौढ व्यक्तीच्या सायकलीचा मागचा दिवा चालू आहे याची दर वेळी खात्री करावी.

*सावध: बोगद्यात छायाचित्रासाठी थांबू नये. बाहेर पडल्यावरही तोंडाशीच न थांबता काही मीटर पुढे जाऊन कडेला उभे राहावे, कारण मागून येणाऱ्याचे डोळे तेव्हा उजेडाने दिपलेले असतात.*

मार्ग वाहनमुक्त असला तरी काही ठिकाणी शेतवाटा तो ओलांडतात आणि त्यांवरून ट्रॅक्टर येतात. शेळ्या-मेंढ्यांचा कळप समोर आल्यास उतरून बाजूला उभे राहावे. फाटक उघडून जावे लागले तर ते पुन्हा बंद करावे.

७. साफ्रामागोन: राखीव क्षेत्रातील वागणूक

इथल्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत गिधाडांविषयीचे माहिती केंद्र आहे. उघडण्याचे दिवस आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. जवळच ग्वादालपोर्कून नदीच्या घळीवरचा उंच पूल आहे.

गिधाडे पाहण्यासाठी साडेदहा ते बारा ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते. ग्रिफॉन गिधाडाचा पंखविस्तार अडीच मीटरांच्या आसपास असतो आणि एवढे जड शरीर पंख मारत वर नेणे त्याला परवडत नाही. जमीन तापून हवा वर चढू लागली की ती एकेक करून कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता गोल घिरट्या घेत उंची गाठतात. सकाळी आठला इथे पोहोचणाऱ्याला ती कपारीत बसलेलीच दिसतात आणि तो निराश होऊन पुढे जातो. पाठीवर फिकट तपकिरी, उडताना पंखांच्या कडा काळपट आणि टोकांना बोटांसारखी पसरलेली पिसे, मानेभोवती पांढरट लोकरीसारखी कॉलर, या खुणांवरून पक्षी साध्या दुर्बिणीतूनही ओळखता येतो.

गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे महाराष्ट्राच्या बहुतेक गावांच्या आकाशातून नाहीशी झाली, त्यामुळे इथे ती डोक्यावर दिसू लागली की आणखी जवळ जाण्याचा मोह आपल्या वाचकांना होणे अगदी स्वाभाविक आहे. तो आवरावा. मार्ग सोडून सुळक्याकडे चढू नये. ग्रिफॉनची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत घरट्यात अंडे किंवा पिल्लू असते. माणसाच्या चाहुलीने जोडी उडून गेली आणि अंडे थंड पडले, तर त्या जोडीचे ते संपूर्ण वर्ष वाया जाते. ड्रोन, मोठ्याने गाणी आणि खरकटे टाकणे या तिन्ही गोष्टी इथे पूर्णपणे टाळाव्यात.

*तपासा: पाणी निम्म्याहून अधिक शिल्लक आहे का? नसल्यास इथेच भरून घ्यावे. नळावर ‘आग्वा नो पोताब्ले’ असे लिहिलेले असल्यास ते पाणी पिण्यायोग्य नाही.*

८. कोरिपे: जेवणाची वेळ चुकवू नका

साफ्रामागोनपासून कोरिपेचे स्टेशन सुमारे पाच किलोमीटरांवर आहे. कोरिपेजवळ ‘चापार्रो दे ला व्हेगा’ नावाचा प्रचंड विस्ताराचा सदाहरित ओक वृक्ष आहे. त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे आणि थोडी वाकडी वाट करून त्याच्या सावलीत बसणे सार्थकी लागते.

गावाकडील स्पेनमध्ये दुपारचे जेवण साधारण दीड ते चार या वेळेत मिळते. बाराला पोहोचल्यास स्वयंपाकघर सुरू झालेले नसते आणि साडेचारला पोहोचल्यास ते बंद झालेले असते. दुकाने दोन ते पाच बंद राहतात आणि रविवारी बहुतेक दिवसभर. सोमवारी काही खानावळी सुटी घेतात. म्हणून भाकरी-चटणीइतकाच भरवशाचा स्वतःचा डबा पिशवीत असावा.

शाकाहारी वाचकांसाठी विशेष सूचना अशी की नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कडधान्याच्या रश्श्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, मिश्र सॅलडमध्ये ट्यूना मासा घातलेला असतो आणि सालमोरेहो या टोमॅटोच्या गार सारावर हॅमचा चुरा पेरतात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस, हॅम आणि मासे नकोत) असे तिन्ही एकदम सांगावे. बटाट्याचे अंड्यातील जाड आम्लेट अंडे खाणाऱ्यांना चालते. न खाणाऱ्यांनी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, चीज आणि फळे यांवर भर द्यावा.

९. कोरिपे ते पुएर्तो सेर्रानो

उरलेले अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. जेवणानंतरची सुस्ती, अंगावर येणारे ऊन आणि ‘आता काय, उतारच आहे’ ही भावना एकत्र येऊन वेग वाढतो, आणि खडीच्या वळणावर सायकल घसरते ती याच टप्प्यात. ताशी १५ किलोमीटरांचा वेग इथे भरपूर आहे. बोगद्यांचा क्रम शेवटच्या बोगद्यापर्यंत तसाच पाळावा. सवय झाली म्हणून दिवा लावणे सोडून देणारे पुष्कळ असतात. पंक्चर झाल्यास सायकल मार्गाच्या कडेला पूर्ण बाहेर काढावी आणि नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा काढून टाकावा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

पुएर्तो सेर्रानोच्या स्टेशनवर पोहोचल्यावर सायकल परत करताना तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, अनामत रक्कम परत मिळाल्याची पावती घ्यावी आणि वाटेत आढळलेला बंद दिवा, कोसळलेला दगड किंवा उखडलेला कठडा तिथे सांगावा. बोगदा क्रमांकाने सांगितला तर दुरुस्ती करणाऱ्यांना तो लगेच सापडतो, म्हणून अशी गोष्ट दिसताच जवळच्या किलोमीटर फलकाचे किंवा बोगद्याच्या पाटीचे छायाचित्र काढून ठेवावे.